एक्स्चेंजच्या बाई

माणसाच्या हातात माईक आला की त्याला घर आठवत नाही. तीस-पस्तीस वर्षं लाऊडस्पीकरचा धंदा केलेला माणूस सांगतोय, ऐकून घ्या. लग्नात नवरदेवाचा मामा उठतो, ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणतो, आणि मुठीतल्या अक्षता घामानं भिजून त्यांचा भात व्हायची वेळ येते. प्रचारसभेत पुढारी बोलत असताना मी वायरीच्या भेंडोळ्यावर डोकं ठेवून झोप काढलेली आहे. उरूस म्हणू नका, गणपती म्हणू नका, शाळेचं गॅदरिंग म्हणू नका, सगळीकडं तीच गत. त्यामुळं बोलणाऱ्या माणसाबद्दल मला कवडीचा आदर नाही. एक्स्चेंजच्या बाई सोडून.

त्यांचं नाव कमल साळुंखे. पण उंब्रजात त्या नावानं विचारलं असतं तर कुणी घर दाखवलं नसतं. त्या कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मुंबईला बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी फोनभोवती गोल करून बसायचं, तो काळ. तेव्हा अख्ख्या तालुक्याचे ट्रंक कॉल ह्या बाई लावून द्यायच्या. पुढं ते खटके, त्या वायरी, सगळं भंगारात गेलं. बाईंना दुसऱ्या टेबलावर बसवलं, तिथून त्या रिटायर झाल्या आणि उंब्रजला घरी आल्या. नवरा लवकर गेला होता, मुलगी सांगलीला दिली होती. ह्यापेक्षा जास्त घरगुती चौकशी मी कधी केली नाही आणि त्यांनीही माझी केली नाही.

घरी येऊन पापड लाटायचे, तर बाईंनी ‘देशोदेशी मंडळ’ काढलं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि जगात काय चाललंय त्यावर बोलायचं. लढाया, करार, तेल, समुद्र, कोण कुठल्या देशातून पळालं, कुणी कुणाला कुंपण घातलं. लोक हसले. मीही हसलो. उंब्रजात बसून जगाचं बोलून काय उपेग, हा एकच प्रश्न बाईंना पुढं पंधरा वर्षं विचारला गेला, तोंडावर आणि पाठीमागं. त्याचं उत्तर शेवटी एका जहाजावर अडकलेल्या पोरानं दिलं. ते पोरगं घरी येतंय का नाही ह्यावर बाईंची सगळी इभ्रत लागली होती. ते सांगणारच आहे. पण आधी बाई कशा होत्या ते कळलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला पटायचं नाही. बाई गेल्या दिवाळीनंतर गेल्या, त्यामुळं साक्ष द्यायला त्या येणार नाहीत.

पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी एका ॲम्प्लिफायरचं पोट फाडून बसलो होतो. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, मान जरा डावीकडं कललेली. वर्षानुवर्षं कानाला यंत्र लावून ती तशीच राहिली होती. म्हणाल्या, “भाऊ, बटणानं बंद होणारा माईक आहे का? बटण बोलणाऱ्याच्या हातात नको. तुमच्या हातात पाहिजे.”

“बाई, माईक चालू ठेवायचं भाडं घेतो मी. बंद करायचं आजवर कुणी मागितलं नाही.”

“म्हणजे बंद करायचं फुकट?”

मी हसलो आणि तिथंच फसलो. त्या दिवसापासून मंडळाचा माईक फुकट, माणूस फुकट, आणि सतरंजी अंथरायलाही मीच. बायको म्हणायची, “आवं, तुमाला काय त्या बाईनं पानातनं काय घातलं काय?” काय सांगणार? पहिल्या सभेला त्यांनी बोट वर केलं, मी खटका दाबला आणि एका माजी सभापतीचा आवाज वाक्याच्या मध्यावर गप झाला. आयुष्यात इतकं समाधान मला कुठल्या कमाईनं दिलेलं नाही.

नियम साधा होता. कुणीही उठावं, तीन मिनिटं बोलावं. पूर्वी ट्रंक कॉलचा एक ठोका तीन मिनिटांचा असायचा, बाईंच्या अंगात तेच मुरलेलं. “माणसाला जे खरंच सांगायचं असतं ते तीन मिनिटांत होतं,” असं त्या म्हणायच्या, “बाकी सगळं ‘आणि काय म्हणता’ असतं.”

घरीसुद्धा बाई एक्स्चेंजमध्येच राहायच्या. पाहुणा आला की “थांबा हं, लाईनवर राहा” म्हणून आत चहा टाकायला जायच्या. बाजारात भाजीवालीपुढं उभ्या राहिल्या की “अर्धा किलो गवार, पाव किलो दोडका, कोथिंबीर नको, बरोबर?” असं सगळं परत म्हणून दाखवायच्या. भाजीवाली वैतागून म्हणायची, “आवं बाई, मी इकतीया का तुमी?”

मंडळ रजिस्टर करायला आम्ही साताऱ्याला धर्मादायच्या कचेरीत गेलो होतो. कारकुनानं अर्ज वरखाली केला. “उद्दिष्ट काय लिहिलंय हे? जगाविषयी बोलणं? बाई, गरजूंना मदत, वृक्षारोपण, असं काहीतरी टाका.”

“बोलणंच करणार आहोत, तर झाडं कशाला लिहू?”

“मग लाभार्थी कोण?”

“ज्याला माहीत नाही तो.”

“असे किती जण असतील?”

“तुमच्या-माझ्यासकट मोजा,” बाई म्हणाल्या. त्यानं बाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शिक्का मारला.

हॉलच्या भिंतीवर बाईंनी जगाचा नकाशा रंगवून घेतला. गावातला पेंटर, एरवी बैलगाड्यांवर मोर काढणारा. त्यानं जग चांगलं काढलं, पण ‘आपलं गाव पायजे ना’ म्हणून उंब्रजचा लाल ठिपका दिला तो एवढा मोठा की त्याखाली मुंबई, पुणं आणि निम्मा समुद्र गेला. मी म्हणालो, पुसून घेऊ. बाई म्हणाल्या, “राहू दे. आपण कुठून बघतोय ते तरी कळेल.” ज्या देशाबद्दल बोलायचं तो देश आधी त्या नकाशावर बोट ठेवून दाखवायचा, हा दुसरा नियम. ह्या एका नियमानं निम्मे वक्ते जागच्या जागी बसले.

तिसरा नियम मात्र भांडणातून आला. आमच्याकडं एक सुभेदार होते, शिंदे. मसूरचे. गल्लीत पाणी आलं नाही तरी ते ‘पोझिशन घ्या’ म्हणायचे. दुसरे तासगावकडचे तात्या, द्राक्षबागायतदार, माल परदेशी धाडणारे. त्या महिन्यात तांबड्या समुद्राची वाट धोक्याची झाली होती, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून चालली होती, आणि तात्यांची द्राक्षं बोटीत मनुका व्हायच्या बेतात होती. सुभेदार म्हणाले, आरमार घाला. तात्या म्हणाले, बोलणी करा. सुभेदार म्हणाले, तुमाला देशापेक्षा द्राक्षं प्यारी. तात्यांनी त्यांची कॉलर धरली. दोघं साठीच्या पुढचे.

पुढच्या महिन्यात बाईंनी जाहीर केलं. समोरच्याला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं परत सांगायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला तरच तुमची तीन मिनिटं सुरू. “नंबर घेतला की परत म्हणून दाखवायचा, हा आमचा पहिला धडा,” त्या म्हणाल्या. “एक आकडा चुकला तर मयताचा निरोप भलत्याच घरी जातो. मी ते रडणं ऐकलेलं आहे. सुभेदार, उठा. तात्यांचं काय म्हणणं आहे?”

सुभेदार उठले. “ह्यांचं म्हणणं, देश गेला खड्ड्यात, द्राक्षं वाचली पायजेत.”

“चूक,” तात्या म्हणाले.

“ह्यांचं म्हणणं, आरमारानं घरी बसावं.”

“तेबी न्हाई.”

सुभेदारांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, “घाई नाही सुभेदार. लाईन चालू आहे.” सुभेदार उभेच. कपाळावरचा घाम पुसला, भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. मग हळूहळू म्हणाले, “ह्यांचं म्हणणं असं हाय, की आरमार पाठवा, पण बोलणी तोडू नका. कारण माल पाण्यात अडकलाय आणि बंदुकीच्या जोरावर बोट दोन दिस चालंल, वर्षभर न्हाई चालायची.”

तात्या बघतच राहिले. “बरोबर. मला सुदीक असं सांगाय आलं नसतं.”

“आता तुमचं बोला,” बाई म्हणाल्या.

“माजं आता काय राहिलंच न्हाई, बाई,” सुभेदार म्हणाले आणि खाली बसले. हॉल असा हसला की माझ्या बॉक्समधून शिटी वाजली. तेव्हापासून दोघं एकमेकांशेजारी बसायला लागले.

एकदा शेजारच्या देशाचा विषय होता. हॉल तापलेला. मागच्या बाकावरून एक जण उठला आणि म्हणाला, “ह्यांचं काय म्हणणं हाय ते आपल्या माईकवाल्याला इचारा की.” दोन-चार जण हसले. मी रफीक मुजावर. माझ्या आज्यानं ह्याच गावात कंदील दुरुस्त केले, माझा चुलता फौजेतून पेन्शन घेऊन आला. मी मान खाली घालून वायरी बघायला लागलो. बाई उठल्या. आवाज नेहमीचाच, ना मोठा ना बारीक.

“बरं. आधी रफीकचं म्हणणं परत सांग.”

“ते कुठं काय बोलल्यात?”

“मग जो बोललाच नाही त्याचं म्हणणं तुला कुठून ऐकू आलं? बस खाली.” आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “रफीक, तुला काही बोलायचं आहे का?” मी नको म्हणालो. मला खरंच बोलायचं नव्हतं. पण बोलायचं असतं तर ती तीन मिनिटं माझी होती, एवढं मला पुरलं. त्या दिवशी सतरंजी घडी करताना माझे डोळे भरून आले, हे मी आजच सांगतोय.

आता ते जहाज.

हौसाबाई नावाची एक बाई वडूजच्या पलीकडच्या गावातून यायची. दोन एस. टी. बदलून. सगळ्यात मागं बसायची, डोक्यावरून पदर, कधी एक शब्द नाही. आम्हाला वाटायचं, कुणाची तरी वाट बघत बसते. एका रविवारी सभा संपल्यावर ती बाईंजवळ आली आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक फोटो काढला. तिचा मुलगा, संदीप. रान कोरडं, पाऊस पडला तर पिकणार, म्हणून पोरगं बोटीवर गेलं. इंजिनाकडचं काम. कुठल्याशा परदेशी बंदरात मालकानं जहाजाकडं पाठ फिरवली आणि गायब झाला. बाकीची माणसं एकेक करून आपापल्या देशी गेली. ह्याच्यापुढं कुणीतरी एक कागद ठेवला, ह्यानं सही केली. त्या कागदावर, जहाजाला दुसरा राखणदार मिळेपर्यंत हाच राखणदार, असं लिहिलं होतं. आता कोर्ट त्याला जहाज सोडून खाली उतरू देत नव्हतं. वर्ष होऊन गेलं होतं. जहाजावर वीज नाही, फोन बंद पडलेला. एजंटाची होडी पाणी-धान्य घेऊन जायची तेव्हा एखादा निरोप यायचा. सहा महिने हौसाबाईनं पोराचा आवाज ऐकला नव्हता.

“मी हितं येती,” ती म्हणाली, “कारन हितं त्या देशांची नावं घेत्यात. कवा तरी त्याच्या बंदराचं नाव निघंल म्हनून.”

बाई उठल्या. नकाशापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “ये इकडं, दाखवते.” हौसाबाईनं त्या निळ्या रंगावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी शेवटी पोराला सोडलं, उगाच कशाला नाव काढा.

पुढचे चार महिने मंडळ त्या एकाच कामाला लागलं. अर्ज लिहिले, सह्या घेतल्या. सुभेदारांनी त्यांच्या जुन्या साहेबाला गाठलं, तात्यांनी त्यांच्या बोटवाल्याला. उत्तरं यायची, अगदी सभ्य. जहाजावर ज्या देशाचा झेंडा होता ते म्हणायचे, मालकाला विचारा. मालकाचा देश म्हणायचा, बंदराला विचारा. बंदर म्हणायचं, कोर्टाला. आणि आपल्याकडचे म्हणायचे, आमचं लक्ष आहे. बाईंची फाईल विटेएवढी जाड झाली आणि पोरगं तिथंच.

तशात बातमी आली की मूळचे सांगलीचे एक निवृत्त राजदूत गावी आलेत. बाईंनी त्यांना बोलावलं, ते हो म्हणाले. शाळेचा हॉल पुरणार नव्हता. कराडजवळच्या मलकापूरला एका संस्थेचा मोठा हॉल होता, तो मागितला. संस्थेचे अध्यक्ष बाईंना चांगले ओळखून होते. म्हणाले, “हॉल देतो. पण ती उंब्रजची नाटकं तिथं नकोत. मोठा माणूस आहे. तीन मिनिटं न् परत सांगा न् बिरत सांगा. माझी अब्रू जायची. तसं काही झालं तर ह्या जिल्ह्यात तुम्हाला कुठला हॉल मिळतो ते बघतो.”

“भाषणाला नियम लावत नाही,” बाई म्हणाल्या. “प्रश्नांना लावणार. आत्ताच सांगून ठेवते.” अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं, म्हातारीचं बोलणं.

हॉल खच्चून भरला. राजदूत दीड तास बोलले आणि मला कबूल करायला पाहिजे, छान बोलले. मला झोप आली नाही. मग प्रश्न. हौसाबाई उठली. मी तिच्यापुढं माईक धरला तर ती माईकलाच हात जोडायला लागली. बाई व्यासपीठावरून म्हणाल्या, “हौसा, मला सांगितलंस तसं सांग.”

“साहेब,” ती म्हणाली, “जहाजावर झेंडा एका देशाचा. मालक दुसऱ्या देशाचा. बंदर तिसऱ्याचं. पोरगं माजं. तर मी कुनाच्या दारात जाऊन बसायचं?”

राजदूतांनी मान हलवली. त्यांचा चेहरा हळवा झाला, खोटं कशाला बोलू. म्हणाले, “ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. अशा मुलांना सोडवण्यासाठी आपलं सरकार सर्व पातळ्यांवर...”

“साहेब,” बाई म्हणाल्या, “माफ करा. आधी तिचा प्रश्न परत सांगा.”

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले आणि मला खूण केली, बाईंचा माईक बंद कर. आता अध्यक्ष म्हणजे माझं वर्षाचं निम्मं काम. त्यांच्या संस्थेची लग्नं, संमेलनं, वाढदिवस, सगळं माझ्याकडं. मी त्यांच्याकडं बघितलं, बटणावरचा हात काढला आणि खिशात घातला. दुसऱ्या वर्षी ती लग्नं दुसऱ्या पार्टीला गेली. जाऊ देत, मामा लोक त्यांनी ऐकावेत.

राजदूत गोंधळले. मग हसून म्हणाले, “ठीक आहे. ह्या ताई विचारतायत की त्यांच्या मुलाची सुटका कधी होईल.”

“न्हाई साहेब,” हौसाबाई म्हणाली. “मी तसं इचारलं न्हाई.”

“त्यांच्या मुलावर अन्याय कुणी केला, असं त्या...”

“न्हाई साहेब. अन्याव झालाय त्यो मला ठावं हाय.”

राजदूतांनी चष्मा काढला. ज्यानं उभा जन्म चार देशांच्या लोकांशी बोलण्यात घालवला, तो माणूस मलकापुरात एका कुणब्याच्या बाईपुढं नापास होत होता, आणि हे त्यालाही कळत होतं. अध्यक्ष म्हणाले, “पुढचा प्रश्न घ्या.” बाई म्हणाल्या, “हा संपला नाही.” राजदूत व्यासपीठावरून खाली उतरले. मधल्या वाटेनं चालत हौसाबाईजवळ आले आणि म्हणाले, “ताई, परत एकदा सांगा. मी आत्ता नीट ऐकतो.” तिनं सांगितलं, तेच, तेवढंच. त्यांनी ऐकलं आणि माईक न घेताच म्हणाले, “इतक्या देशांतून नेमकं एक दार, एक टेबल, एक माणूस कुठला, की ज्याच्या सहीवाचून तुमचा मुलगा अडलाय, असं तुम्ही विचारताय.”

“व्हय,” हौसाबाई म्हणाली. “आता बरोबर.”

“मला माहीत नाही,” राजदूत म्हणाले. “हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कुणी असा विचारला नाही. आठ दिवसांत शोधून सांगतो.”

टाळ्या अशा पडल्या की अध्यक्षांनासुद्धा वाजवाव्या लागल्या.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. दार सापडलं होतं. त्या बंदराच्या गावातल्या कोर्टात एका टेबलावर एक कारकून बाई होती. राखणदाराचं नाव बदलायचा संदीपचा अर्ज तिच्याकडं पडून होता, वर्षभर, कारण त्याची चौकशी कुणी केलीच नव्हती. सगळे वरच्या साहेबांना लिहीत होते. राजदूतांनी पत्र दिलं, नंबर दिला. पुढचं काम बाईंचं.

रोज दुपारी अडीचला, तिथं कोर्ट उघडायच्या वेळेला, बाई घड्याळ समोर ठेवून फोन लावायच्या. “हॅलो, गुड मॉर्निंग. धिस इज उंब्रज कॉलिंग.” तेच ऑपरेटरचं इंग्रजी, कडक इस्त्रीचं. त्या कारकून बाईला वाटलं असणार, उंब्रज म्हणजे एखादं मोठं खातं असावं. पहिला आठवडा तिनं फोन आपटला. दुसऱ्या आठवड्यात ‘नंतर करा’ म्हणाली. बाई रागावायच्या नाहीत. ती जे म्हणेल ते परत म्हणून दाखवायच्या, “यू से, फाईल इज नॉट ऑन टेबल, करेक्ट?” आणि वहीत लिहायच्या. महिन्याभरात दोघींची ओळख झाली. तिच्या आईचा गुडघा दुखतो इथपर्यंत बातमी उंब्रजात पोचली. पुढं पुढं तर घंटी वाजली की पलीकडून तीच म्हणायची, “येस, उंब्रज.”

पण मध्ये एकदा तारीख पुढं गेली, लांब. हौसाबाई यायची बंद झाली. अध्यक्ष एका लग्नात सगळ्यांदेखत म्हणाले, “काय मुजावर, तुमच्या बाईंनी लावला का शोध? का अजून फोनच चाललाय?” मी ते बाईंना सांगायला नको होतं, पण संतापात सांगून बसलो. बाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. हात थांबले. म्हणाल्या, “रफीक, लोक पंधरा वर्षं म्हणतात ते मला लागलं नाही. पण ह्या बाईला मी आशा लावली, आणि पोरगं आलं नाही तर? मग मी नुसती बोलघेवडीच की रे.” त्यांना असं मोडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मीही शेंगा सोलायला बसलो. अडीच वाजले तशा बाई उठल्या, पदराला हात पुसले आणि फोन लावला.

दीड महिन्यानं अर्ज मंजूर झाला. राखणदार म्हणून बंदराच्याच एजंटाचं नाव लागलं. तिकिटाचं, कागदाचं बघायला राजदूतांनी माणूस उभा केला. अमुक दिवशी सुटतोय एवढा निरोप आला, पण हौसाबाईचा विश्वास बसेना. “कागुद लय बघितलं,” म्हणायची. “त्याचा आवाज येऊ द्या.”

तो दुसरा रविवार होता. हॉल भरलेला, विषय कुठल्याशा निवडणुकीचा, पण कुणाचं चित्त नव्हतं. सुभेदार स्वतः जाऊन हौसाबाईला घेऊन आले होते. साडेचारच्या सुमाराला टेबलावरचा बाईंचा फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकलं, आणि म्हणाल्या, “संदीप, मुंबईत उतरलास, बरोबर?”

हॉल उठून उभा राहिला. खुर्च्या पडल्या. सुभेदार तात्यांच्या गळ्यात पडले. सगळे ओरडायला लागले, स्पीकरवर लावा, स्पीकरवर लावा. मी तर वायर घेऊन पळतच गेलो. सगळ्या गावाला त्या पोराचा आवाज ऐकवायचा होता मला. ज्या ज्या लोकांनी उपेग काय म्हणून विचारलं होतं त्यांच्या कानात घालायचा होता. माझ्या धंद्यात ह्याच्यापेक्षा मोठी वेळ आली नव्हती आणि येणारही नव्हती.

बाईंनी माझा हात बाजूला केला. “नाही रफीक. हा दोघांचा कॉल आहे.” हौसाबाईचा दंड धरून त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं, जिथं शाळेचे तक्ते ठेवतात. फोन तिच्या कानाला लावला, बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. आत एक हंबरडा फुटला, मग बारीक आवाजात बोलणं सुरू झालं. दोन-तीनशे माणसं बाहेर, पण कुणी हलेना.

सुभेदार पुढं आले. बाईंच्या खांद्यावरून दाराकडं मान वाकडी करत हळूच म्हणाले, “बाई, तुमी जवळ हाय. काय म्हनतंय वो पोरगं?”

“मला काय माहीत,” बाई म्हणाल्या. “लावून दिला की ऐकायचं नसतं.” दाराला पाठ लावून, एक हात मागं कडीवर घट्ट धरून त्या उभ्या होत्या, गाल भिजलेले, आणि दोन्ही गालांनी हसत होत्या.